पडद्याआडून आलेली हाक

"सरका, सरका! पडदा हालला बघा!" कोगनोळीजवळच्या मठात रेटारेटी सुरू झाली. पडद्यामागं बसलेले अंतर्यामी महाराज दारात पाऊल टाकणाऱ्याला नावानं हाक मारत. "ये यल्लाप्पा! गुडघा लई छळतोय न्हवं? ब्रह्मांडाची वही माझ्याम्होरं उघडी हाय!"

निपाणीच्या जयाबाईंनाही अशीच हाक आली होती. "जया, लेकराच्या फिटच्या गोळ्या अमावास्येपासनं बंद. भार माझ्यावर." लेकाला, विक्रमला फिट येतात हे घरच्यांखेरीज फक्त जयाबाईंच्या पाठच्या भावाला, रविराजला ठाऊक. महाराजांना कळलं म्हणजे देवच बोलला!

अमावास्या दोन दिवसांवर आली, तेव्हा प्रदोष होता. व्रताच्या दिवशी जयाबाई फोनला शिवत नसत. त्या फोन घरी ठेवून तशाच मठात गेल्या. पडद्याआड चिडीचूप. त्यांच्या मागच्या मालुबाईंचं नाव मात्र खणखणीत आलं.

"माझं काय चुकलं गं?" घरी येऊन त्या लेकीपाशी रडल्या. सौम्या बेळगावच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिनं एवढंच विचारलं, "आई, मठाचं वाय-फाय तुझ्या फोनला कुणी जोडून दिलं?"

"रवीनं. समद्यांना येगळं नाव, येगळा पासवर्ड दिलाय त्यानं."

दुसऱ्या दिवशी आईचा फोन पर्समध्ये टाकून सौम्या मठाच्या दारात आईच्या पुढं झाली.

"ये जया! उद्यापासनं गोळ्या बंद, ध्यानात हाय न्हवं?"

"जया मागं हाय, महाराज. मी तिची लेक." तिनं पडदा ओढला. महाराजांच्या मांडीवर टॅब, आणि शेजारी वायरी आवरणारा रविराज.

सौम्या लोकांकडं वळली. "दारावरचा हा वाय-फायचा पांढरा डबा खिशातल्या फोनला विचारतो, तू कोण? उत्तर आतल्या कंट्रोलरकडं, म्हणजे मुख्य मशीनकडं जातं. तो नाव-पासवर्ड ताडून बघतो, फोनला आत घेतो आणि दाराशी कोण आलं ते टॅबवर दाखवतो. फोन जोडून घेताना तुम्ही बोललेली दुखणी मामानं नावापुढं लिहून ठेवलीत."

"आक्का, मी नुसतं मशीन बसवलं..."

"मशीनला माझ्या पोराच्या फिट कुणी सांगितल्या रं?" जयाबाईंचा आवाज चढला नाही. "उद्या मी गोळ्या बंद करणार हुते, रवी. तुला ठावं हुतं."

रविराजनं महाराजांच्या मांडीवरचा टॅब उचलून बंद केला.

जयाबाई बायकांना म्हणाल्या, "व्रतं मी सोडणार न्हाय. पण कुणी आपलं गुपित सांगितलं, तर पाया पडायच्या आधी इचारा, ह्याला कळलं कुठनं? आणि डाक्तरला इचारल्याबिगर गोळी सोडू नका. इचारल्यानं देव कोपत न्हाय."

रविराज त्यांच्या पायांशी वाकला. जयाबाईंनी पाय मागं घेतले.