मानेतली काजळी

थोरा ऑस्टविगला डाग म्हणून सहन होत नसे. चर्चची सफाई तिच्याकडे असलेल्या आठवड्यात तिथली चांदीची भांडी अशी लखलखत, की पाद्रीबुवांना त्यांत आपलं टक्कल दिसे. तेव्हा नेमबाजीच्या निवडचाचणीआधी ती काडतुसांच्या वापरलेल्या पुंगळ्या धुवायला बसली, त्याच दिवशी तिला कुणीतरी आवरायला हवं होतं.

मोंटाना राज्याच्या संघात एकच जागा उरली होती आणि ती थोराला हवी होती. प्रार्थनेत ती म्हणे, ‘देवा, तुझ्या मनात असेल तसं होऊ दे,’ आणि मग त्याच्या मनात काय असावं, हे जरा सविस्तर सांगे.

काडतुसं ती घरीच भरी. पितळी पुंगळीत मोजून बंदुकीची दारू ओतायची, प्रेसचा दांडा दाबून तिच्या अरुंद तोंडात, म्हणजे मानेत, गोळी बसवायची. प्रत्येक मानेची पकड सारखी हवी, एवढंच. यंदा तिनं माना आतूनसुद्धा खरवडून चकचकीत केल्या. दांडा दाबताना एक गोळी अलगद उतरली, दुसरी किरकिरत अडली. काहीतरी बिनसलंय, हे हाताला कळलं. संधिवात असेल, असं म्हणून थोरानं हाताला गप्प केलं. इतक्या देखण्या पुंगळ्यांत खोट काढायचा तिला धीर होईना.

चाचणीच्या पहिल्या फेरीत गोळ्या एक वर, एक खाली लागत गेल्या. शेजारच्या बाकावर वेंडेल क्रूग होता. तिच्या दिवंगत नवऱ्याचा मित्र, आणि त्याच जागेवर डोळा ठेवून बसलेला. त्यानं दुर्बिणीतून तिचं लक्ष्य पाहिलं.

“थोरा, कौलं शाकारायची आहेत का? शिडी लावलीस ती.”

तिनं न भरलेली एक पुंगळी पुढे केली. त्यानं आत डोकावून पाहिलं.

“मान आतून घासलीस?”

“मग काय अर्धवट ठेवू?”

“अगं, आतल्या काजळीवरूनच गोळी सारखी सरकते. कोरडं पितळ कधी सोडतं, कधी धरून बसतं. हे मला तूच शिकवलंस.”

खरंच होतं. दर हिवाळ्यात क्लबातल्या नवख्यांना ती हेच बजावून सांगे, आणि ऐकलं नाही तर रागावेही.

गाडीत कुत्र्याच्या गोधडीखाली सरावाची जुनी काडतुसं होती, काळ्या मानांची. चारचौघांत काढायची लाज वाटून तिनं ती दडवली होती. थोरा ती घेऊन आली. दुसऱ्या फेरीत सगळ्या गोळ्या एका बशीत मावतील अशा बसल्या. पण पहिल्या फेरीची शिडी बेरजेतून कोण काढणार? जागा वेंडेलला मिळाली.

 थोरानं त्याचं अभिनंदन केलं. टोपी चाचपत वेंडेल म्हणाला, स्पर्धेत वाऱ्याचा अंदाज सांगायला सोबत कुणी तरी लागेल, ती येईल का?

“येईन. पण तुझ्या पुंगळ्यांना मी हात लावणार नाही.”

“तीच अट घालणार होतो,” वेंडेल म्हणाला.