घर वाटेत आहे

माझा नवरा हेनिंग डॉक्टरला आणायला गेला तेव्हा आमचं घर लेक स्ट्रीटच्या कोपऱ्यावर होतं. तो गेला आणि थोड्याच वेळात घरही निघालं.

घर आमचं, पण खालची जागा भाड्याची. मालकाला तिथं विटांची दुकानं बांधायची होती. तेव्हा घर उचलून पश्चिमेला, माळाच्या कडेला न्यायचं ठरलं. शिकागोत याचं कुणाला नवल नव्हतं. घराखाली गोल ओंडके घालायचे, पुढं रस्त्यात उभा रहाट रोवायचा आणि त्याभोवती घोडा फिरवायचा. घराला बांधलेला दोर रहाटावर गुंडाळला जातो तसं घर सरकत जातं. माणसं आतच राहतात, चूल पेटलेली असते. फळीवरची भांडी सांभाळली की बाईचं काम झालं.

त्या दिवशी भांडी गेली खड्ड्यात. माझी चार वर्षांची लिसबेट पहाटेपासून धड श्वास घेत नव्हती. खोकली की पिल्लू भुंकल्यासारखा आवाज यायचा, आणि श्वास आत घेताना घसा करकरायचा. रडायला तोंड उघडायची, पण आवाजच फुटत नव्हता. मार्चचा वारा माळावरून नुसता कापत येत होता. मी खिडक्या गच्च लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या आणि चुलीत लाकडं सारत बसले.

दुपार झाली आणि घर मध्येच थांबलं. मी दार उघडून खाली पाहिलं. घर ओढणारा मुकादम टॉलिव्हर ओंडक्यावर बसून पाव खात होता.

"का थांबलात?" मी ओरडले.

"पुढं बघा की, बाई. चौकात दुसरं घर आडवं आलंय. ते गेल्याशिवाय आपलं कसं जाणार?"

खरंच, चौकात एक दुमजली घर पसरलं होतं आणि त्याच्या खिडकीत एक म्हातारी बटाटे सोलत होती.

"माझी पोर गुदमरतेय हो! डॉक्टर येणार आहे, त्याला घर सापडायला नको?"

"मग थांबलोय ते बरंच झालं की. पळतं घर शोधण्यापेक्षा उभं घर सोपं."

मेल्याला हसू येत होतं. मी काहीतरी फेकून मारणार, एवढ्यात चिखलाकडेनं चालायला टाकलेल्या फळ्यांवरून एक उंच टोपीवाला पाहुणा पुढं आला. इंग्रज होता. असले लोक तेव्हा गावात चालती घरं बघायला जत्रेला यावेत तसे यायचे.

"माफ करा, बाईसाहेब," तो म्हणाला, "घर चालू असताना आत बोटीसारखं मळमळतं का हो?"

"मळमळत नाही, जीव जातो!" मी म्हणाले. "बघायचीच हौस आहे ना तुम्हाला? मग एक काम करा. लेक स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जा. आमच्या घराचा खड्डा दिसेल. तिथं डॉक्टर येईल, त्याला इकडं धाडा."

तो बिचारा लगेच निघाला, आणि दोन पावलांवर वळला. "पत्ता काय सांगू?"

"वाटेत आहे म्हणावं," मी म्हणाले.

मी आत येऊन लिसबेटला मांडीवर घेतलं. तिचे ओठ निळसर दिसायला लागले होते. बाहेर टॉलिव्हर आपल्या माणसाला सांगत होता, "हिचा नवरा सकाळी विचारत होता, दुपारपर्यंत घर पोचेल का. म्हटलं, पोचलंच समज!"

पोचलंच समज! या गावात सगळ्यांच्या तोंडी हेच. दलदल दाखवून हे आमचं नाटकगृह म्हणतील, चिखलात उभं करून ही बाजारपेठ म्हणतील. आणि आमचा हेनिंग तर या गावाचा पक्का भक्त. तो डॉक्टरला जुना पत्ता कशाला देईल? त्यानं माळावरचाच पत्ता दिला असणार, जिथं अजून आमची एक फळीसुद्धा पोचली नव्हती. आणि मी त्या इंग्रजाला धाडलं होतं उलट्या दिशेला.

पोरीला उबेतून वाऱ्यात न्यायचं म्हणजे तिला हातानं मारायचं, असं वाटत होतं. पण तिथं बसून ते निळे ओठ बघवेनात. मी तिला पांघरुणात गुंडाळलं आणि दारातून खाली उडी मारली. गुडघ्यापर्यंत चिखलात गेले.

"बाई, वेड लागलं का? पोर गारठेल!" टॉलिव्हर ओरडला.

मी थांबले नाही. चौकातल्या त्या घराला वळसा घालून पश्चिमेला धावत सुटले. वारा समोरून तोंडावर येत होता. पांघरूण सारखं सरकत होतं, मी ते सारखं तिच्या तोंडावर ओढत होते आणि ती ते झटकत होती. देवा, हिला काही झालं तर मी हेनिंगचं तोंड बघणार नाही, असं मोठ्यानं बोलत मी पळत होते.

माळावर आमच्या रिकाम्या जागेत दोघं उभे होते. हेनिंग हातवारे करून डॉक्टर एब्बेसनना सांगत होता, "हे इथं दार. अन् इथं चूल."

"मुडद्या, घर कुठंय?" मी किंचाळले. "पोरीला काय तुझ्या हवेतल्या चुलीपाशी झोपवू?"

तो पांढराफटक पडला.

डॉक्टरांनी कोट काढून चिखलात अंथरला. लिसबेटला त्यावर ठेवून ते वाकले आणि तिच्या छातीला कान लावला. हेनिंगनं माझा हात धरायला हात पुढं केला, मी झटकला.

"घरात चूल पेटलेली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"धडधडून. खिडक्यासुद्धा बंद केल्या होत्या."

"आणि इथवर वाऱ्यात आणलीत?"

"चुकलं माझं, डॉक्टर. पण काय करणार होते मी?"

"चुकलं नाही. अशा घशाला गार हवाच मानवते. त्या धगीत आणखी बसली असती, तर मी येऊनही उपयोग नव्हता. घसा मोकळा होतोय. आज रात्री खिडकी उघडी ठेवा."

मी चिखलात तिच्या शेजारी बसले. घर वेळेवर पोचलं असतं तर मी तिला त्या चुलीपाशीच धरून बसले असते, हे मनात आलं आणि अंगावर काटा आला.

लिसबेटनं डॉक्टरांच्या दाढीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि भोकाड पसरलं. तिचा आवाज साऱ्या माळावर गेला. हेनिंग तिला गप्प करायला पुढं आला, तसा मी त्याचा हात धरला.

"रडू दे," मी म्हणाले. "खबरदार तिला गप्प केलंस तर."