अंगठ्याखालचं बटण

मित्रांनो, मी एक जुना गेमिंग माऊस आहे आणि मला एका जागी गप्प बसवत नाही. आत्तासुद्धा माझा दिवा लुकलुकतो आहे. तुमच्या शाळेत असतो त्या गरीब चेहऱ्याच्या, दोन बटणांच्या माऊसशी माझी तुलना करू नका. माझ्या अंगावर बटणंच बटणं आहेत. त्यांतली दोन डाव्या कुशीला, बरोबर अंगठ्याखाली येतात. माझा साचा ज्यांनी बनवला, त्यांच्या डोळ्यांसमोर पाचही बोटं धडधाकट असलेला, भलत्याच घाईतला हात असणार.

तसाच हात मला मिळाला. तो भोंगवलीच्या इंद्रजितचा. तो पुण्यात इंजिनिअरिंग शिकायचा आणि सुट्टीत घरी आला की लढाईचे गेम खेळायचा. माझ्यासाठी एक सॉफ्टवेअर असतं. ते उघडलं की पडद्यावर माझंच चित्र येतं आणि कोणत्या बटणाने काय करायचं ते ठरवता येतं. इंद्रजितने अंगठ्याखालच्या दोनांतल्या पुढच्या बटणाला शिकवलं, की एकदा दाबलं की तीन गोळ्या सुटायच्या. म्हणजे धाड धाड धाड, तीन क्लिक! माझा वेग त्याने इतका वाढवला, की मी जरासा सरकलो तरी माझा बाण, म्हणजे कर्सर, पडद्याच्या पार दुसऱ्या टोकाला जायचा. हा सगळा धडा त्याने माझ्या पोटातल्या मेमरीत साठवला. त्याचे मित्र म्हणायचे, "इंद्र्या, माऊस हाय का बंदूक?" मी नुसता फुगून जायचो.

मग परीक्षा आल्या, गेम सुटला आणि मी फडताळात जुन्या चार्जरांच्या गुंत्यात जाऊन पडलो. तिथे मला वेड लागायची पाळी आली. जरा कुठे दार वाजलं की वाटायचं, आता लढाई!

एका दुपारी दार खरंच उघडलं, पण लढाईसाठी नाही. इंद्रजितला मी हवा होतो तो त्याच्या थोरल्या बहिणीसाठी, स्वप्नालीसाठी. ती भोरला बॅनर डिझाईन करायला शिकली होती आणि त्यात चांगली तरबेज होती. पण गेल्या वर्षी जनावरांना वैरण कापताना कडबाकुट्टीच्या मशीनने तिच्या उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं नेली. तेव्हापासून तिचं कॉम्प्युटरवरचं काम सुटलं होतं. डाव्या हाताने करून बघितलं, पण रेघ सरळ जाईना. आता सारोळ्यात कुंडलिकच्या फ्लेक्सच्या दुकानात जागा निघाली होती. कुंडलिक म्हणाला होता, "या उद्या. एक बॅनर करून दावा, मग ठरवू." वर्षभर हातातून गेलेलं काम तिला परत मिळणार की नाही, ते त्या एका बॅनरवर होतं.

इंद्रजितने सॉफ्टवेअर उघडून माझं अंगठ्याचं बटण साधं केलं. एकदा दाबलं की एकच क्लिक. मला भयंकर राग आला. बंदुकीची पार टाचणी केली की हो माझी! पण घाईघाईत हा नवा धडा माझ्या पोटात साठवायचा राहून गेला. तो त्याच्या कॉम्प्युटरमध्येच राहिला आणि मी जुनाच धडा घेऊन स्वप्नालीच्या पिशवीतून सारोळ्याला गेलो.

बॅनर वाढदिवसाचा होता, पाली गावातून आलेला. संध्याकाळी टेम्पो तो न्यायला येणार होता. खाली शुभेच्छुकांचे फोटो ओळीने लावायचे होते. बाजूच्या पट्टीतल्या फोटोवर क्लिक केलं की तो बॅनरवर उतरायचा. कोणाचा फोटो कुठे आणि केवढा, यावरून माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. स्वप्नालीने हातावर ओढणी टाकली होती. तिने पहिल्या शुभेच्छुकाच्या, गेनूभाऊंच्या फोटोवर बाण नेला आणि अंगठा दाबला. धाड धाड धाड!

एकाच गॉगलमधले तीन गेनूभाऊ शेजारी शेजारी उभे राहिले. बाकीचे कोपऱ्यात दाबले गेले.

"अवो ताई, गेनूभाऊ तीनदा?" कुंडलिक ओरडला. "बाकीचे मला जित्ता ठेवत्याल का?"

तिने ते काढायला मला सरकवलं, तर बाण पडद्याबाहेर पळाला. पुन्हा दाबलं, तर आणखी तीन गेनूभाऊ. मित्रांनो, मला शिकवलं होतं तेच मी चोख करत होतो. पण तिच्या तळव्याला घाम फुटलेला मला जाणवत होता आणि मला काहीच करता येत नव्हतं.

कुंडलिकने माझी वायर काढली. "ह्यो घ्या साधा माऊस. त्या लायटिंगवाल्याचा नाद सोडा."

स्वप्नालीने ओढणी बाजूला केली आणि हात साध्या माऊसवर ठेवला. डाव्या बटणावर बोटच नव्हतं. कुंडलिकने ते पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ताई. म्या दुसऱ्याकडनं करून घेतो."

"हात बघून न्हाई म्हनू नका, दादा," ती म्हणाली. "बॅनर बघून म्हना. टेम्पो यायला अजून येळ हाय."

कुंडलिकने मान डोलावली. तिने इंद्रजितला फोन लावला.

"आयला, सेव्ह करायचंच ऱ्हायलं गं ताई!" तो कळवळला. "सॉफ्टवेअर उतरवून घे, म्या सांगतो तसं कर."

तिने माझी वायर परत जोडली आणि दुकानाच्या पडद्यावर माझं चित्र आलं. इंद्रजित सांगू लागला, पण तिने त्याला मध्येच थांबवलं. "अरं, ज्या अंगठ्यानं माऊस धरायचा, त्यानंच बटण दाबून फोटो वढायचा, हे मला जमत न्हाई. मागच्या बटणाला असं शिकवता येतं का, एकदा दाबलं की फोटो धरून ठेवायचा आन् परत दाबलं की सोडायचा?"

"येतं की! माज्या कधी डोक्यातच आलं न्हाई."

"तुला गरज न्हवती म्हनून."

मग तिने पुढचं बटण एका क्लिकचं केलं आणि माझा वेग खाली आणला. आणखी खाली. मी तळमळलो, दावणीला बांधल्यासारखं झालं. दोन बटणांतला फरक न बघता कळावा म्हणून तिने दुकानातल्या फोमच्या डबल टेपचा तुकडा पुढच्या बटणावर चिकटवला. आणि नवा धडा आठवणीने माझ्या पोटात साठवला.

आम्ही पुन्हा सुरुवात केली. जादाचे गेनूभाऊ पुसले. एकेक फोटो उचलला, नेला, ठेवला. आजवर मी पडद्यावरच्या माणसांना फक्त गोळ्या घातल्या होत्या. कुणाला हलकेच उचलून त्याच्या जागेवर ठेवणं मी त्या दिवशी पहिल्यांदा केलं, आणि ते मला फार आवडलं.

कुंडलिकने पडद्याला नाक लावून बॅनर तपासला. "गेनूभाऊ एकच हाय न्हवं?" मग छपाईला लावला. टेम्पो गेल्यावर तो म्हणाला, "उद्या कदी येताय?"

"सकाळच्या एष्टीनं."

परवा रविवारी इंद्रजित घरी आला. त्याला गेमची हुक्की आली आणि त्याने मला स्वप्नालीच्या पिशवीतून काढलं. पण बाण मुंगीसारखा चालला आणि गेममध्ये इंद्रजित लगेच मेला. त्याने सॉफ्टवेअर उघडलं. जुना धडा तिथे तसाच होता, तीन गोळ्यांचा. ज्याच्यासाठी मी फडताळात झुरलो, तो समोर आला होता आणि मित्रांनो, मला धडकी भरली. सकाळी स्वप्नाली दुकानात अंगठा दाबणार होती. मला ओरडता येत नाही. मी नुसता लुकलुकत राहिलो.

इंद्रजितचं बोट फोमच्या तुकड्यावर थांबलं. तिच्या अंगठ्याने तो मध्ये दबला होता. त्याने सॉफ्टवेअर बंद केलं आणि मला परत तिच्या पिशवीत ठेवलं.

तेव्हा माझं एकच मागणं आहे. मला पुसा, माझी वायर ओढू नका, ते तर आहेच. पण कुणाला एखादी वस्तू द्याल, तेव्हा आधी त्याचा हात बघा आणि त्याला काय हवं ते त्यालाच विचारा. आणि बटणं एकदा त्या हातासाठी लावलीत, की मग आपल्या खेळासाठी ती बदलू नका.