धाकट्याचा पहिला हात

त्या घरात वाटणी कशाचीही असो, पहिला हात धाकट्याचा. नियम वडिलांनी घालून दिलेला. दादा तो हसतमुखाने पाळायचा आणि बघणारे म्हणायचे, पोरगा नाही, देवमाणूस आहे.

देवमाणूस कसला! छोट्याला फक्त दादाच्या तोंडचा घास गोड लागतो, हे दादाने लहानपणीच हेरलं होतं. जे नको असेल त्याची तो तोंड भरून स्तुती करायचा. छोट्या ते झडप घालून उचलायचा. दादाला हवं ते आपोआप उरायचं, वर त्यागाचं पुण्य फुकट. सायकलींपासून माडीवरच्या खोलीपर्यंत ही युक्ती कधी फसली नव्हती.

वडील गेले ते एकाच टर्बो स्पोर्ट्स कारच्या तीन पिढ्या मागे ठेवून. मधली विकून आईची सोय करायचं ठरलं. उरल्या पहिली आणि तिसरी.

तिसरी गुणाची. दोन टर्बो, चारही चाकांना जोर, चालवणाऱ्याच्या चुका पोटात घालणारी. पहिली मात्र खाष्ट सासू. पाय दाबला तरी टर्बो जागा होईपर्यंत ढिम्म, आणि मग एकदम पाठीत धक्का. वळणावर घाबरून पाय उचललात तर मागची चाकं पुढे यायला बघायची. तिचं इंजिन दादाने वडिलांच्या जोडीने दोनदा उघडून बसवलं होतं. वडील एरवी त्याच्याशी कामापुरतं बोलायचे. पहिलीचं मागचं, इंजिनावरचं झाकण उघडलं की मात्र त्यांना कंठ फुटायचा. दादाला गाडीचं वेड नव्हतंच. त्याला तेवढे वडील हवे होते.

गॅरेजमध्ये दादाने तिसरीच्या टपावरून हात फिरवला. "लाखात एक आहे बघ! त्या म्हातारीत काय ठेवलंय? ओल्या रस्त्यावर जीव घेईल एखाद्याचा."

छोट्याने या वेळी झडप घातली नाही. वडिलांच्या आजारपणापासून तो बदलला होता. दादाला ते दिसलं होतं, पण जुनी सवय, त्याने ते मनावर घेतलं नव्हतं.

"दादा, जन्मभर तुझ्या आवडीचं मी ओरबाडून घेतलं," छोट्या म्हणाला. "आता पुरे. तिसरी तुझी. मी पहिली घेतो."

दादाने टपावरचा हात काढला. "अरे, असं काय करतोस? निवड तुझी आधी."

"तीच तर केली."

दारात उभ्या दादाच्या बायकोने डोळे पुसले. "भाऊजी, आज जिंकलंत. यांनी फार मन मारलंय हो तुमच्यासाठी."

मला पहिली हवी, एवढंच दादाला म्हणायचं होतं. पण मग तिसरीची आरती का ओवाळलीस, हे सांगावं लागलं असतं. आणि ते सांगितलं की सायकलीपासूनचं सगळं पितळ उघडं. बायकोच्या ओल्या डोळ्यांकडे बघून दादाने मान डोलावली. भित्रा होता तो, दुसरं काय!

"चालवशील ना तिला?" त्याने विचारलं.

"छे, तूच म्हणालास ना जीव घेईल! माझ्या फर्निचरच्या दुकानात काचेमागे उभी करतो. इंजिन काढून भंगारात देऊ, तेल गळून फरशी खराब व्हायची. पण काढ तूच. परक्याचा हात नको लागायला."

रविवारी दादा गाडीखाली आडवा झाला. छोट्या शेजारी उकिडवा बसून पाने हातात देत होता, आणि कधी नव्हे ते मोकळेपणाने बोलत होता.

"एक सांगू? शेवटी शेवटी बाबा मला म्हणाले होते, पहिली दादाला दे, त्याचा जीव आहे तिच्यात. मीही तेच करणार होतो. पण त्या दिवशी तुझं ऐकलं आणि म्हटलं, बाबांना तरी तुझं मन कुठे कळलं होतं!"

"हो ना," दादा म्हणाला, आणि पुढच्या बोल्टला पाना लावला.