देव्हाऱ्यात ठेवलेला शब्दकोश

"याला पाय लागू देऊ नका, आणि याला बंदही ठेवू नका."

मित्रांनो, बसलिंगप्पा मास्तरांचा हा आवाज अजून माझ्या पानांत आहे. मी त्यांचा जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश. माझी शिवण सैल झाली आहे आणि पुठ्ठ्यावर मास्तरांच्या विभूतीची बोटे उमटली आहेत.

सोलापुरातल्या त्यांच्या शाळेत मी बारा वर्षे काढली. मुले माझ्याभोवती गर्दी करीत. नुसता अर्थ सापडून भागत नसे. "आता वाक्य कर," असे मास्तर म्हणत. कुणाचे चिंचेचे बोट पानाला लागले तरी मला बरेच वाटे.

बहात्तरच्या दुष्काळात मास्तर तापाने अंथरुणाला खिळले. जाताना पत्नीला, गिरिजाबाईंना, एवढेच म्हणाले, "आपल्या शिवेला मॅट्रिक कर."

"करते की," गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून गिरिजाबाई म्हणाल्या.

मास्तर गेल्यावर गिरिजाबाईंनी मला घरी आणून लाल कापडात बांधून देव्हाऱ्यात ठेवले. रोज लिंगपूजा झाली की कापडावरूनच मला विभूती लावायची, बेलाचे पान वाहायचे, मगच तोंडात पाणी घ्यायचे. चार वर्षांत हा नेम एकदाही चुकला नाही.

"अव्वा, एकच शब्द बघू दे की," त्यांची लेक शिवबाई आईला म्हणायची.

"हात लावू नको, बाळा. अप्पा हायेत त्यात."

पोर नमस्कार करून निघून जाई. माझ्या पोटात 'लोनली' नावाचा एक शब्द आहे. त्याच्यापुढे छापले आहे: एकाकी, सोबत नसल्याने खिन्न. हा अर्थ मला जन्मापासून पाठ होता. तो कुठे वापरायचा, ते मला देव्हाऱ्यात बसून कळले. मान होता, धूप होता, पण कुणी उघडत नव्हते. आणि वाळवी तेवढी येत होती.

यंदा शिवबाई मॅट्रिकला बसली. बाकी सारे विषय निघाले, इंग्रजी राहिले. संध्याकाळी तिचे काका कल्लप्पा आले.

"वैनी, लई झालं शिक्षण. चादरीच्या कारखान्यात घड्या घालायला बाया पाहिजेत. उद्या सांगून येतो."

"ऑक्टोबरला बसते की, काका. फॉर्मचा उद्याच शेवटचा दिवस हाय."

"कशाच्या जोरावर? घरात एवढा मोठा कोश, आन् पोरगी इंग्रजीतच नापास! बेल वाहून इंग्रजी येतंय व्हय?"

त्या रात्री गिरिजाबाईंचे ताट तसेच राहिले.

सकाळी लिंगपूजा झाली. बेलाचे पान घेऊन त्यांचा हात माझ्यापर्यंत आला आणि थांबला. मग त्यांनी गाठ सोडली. चार वर्षांनी मला उजेड दिसला.

"शिवे, हितं बस. पेपरात कुठला शब्द अडला होता?"

"लोनली."

तिने पाने उलटली. काठ वाळवीने खाल्ले होते, पण शब्द शाबूत होता. तिने अर्थ मोठ्याने वाचला.

"आता वाक्य कर. तुझे अप्पा करायला लावायचे."

शिवबाईने शब्दावर बोट ठेवले. "माय मदर इज लोनली."

"मदर म्हंजे मी. एवढं कळतंय मला."

शिवबाईने मान वर केली नाही. "अप्पा गेल्यापासनं तू रोज ह्याच्याशीच बोलतीस, अव्वा. माझ्याशी न्हाय."

मित्रांनो, ज्याच्यावर तुमची माया आहे त्याला नुसते पुजू नका. त्याला उघडा, हाताळा, मळू द्या. बंद ठेवलेली वस्तू झिजत नाही असे वाटते, पण ती आतून जाते. माणसाचेही तसेच असावे.

गिरिजाबाईंनी ते बेलाचे पान खूण म्हणून त्याच पानात ठेवले आणि मला लेकीच्या मांडीवर दिले.

"मी येईपर्यंत बंद करू नको," त्या हळूच म्हणाल्या. पदर सारखा केला, चपला घातल्या आणि पाण्याचा घोटही न घेता शाळेकडे फॉर्म आणायला निघाल्या.