मागच्या खोलीचं छप्पर

मिस्त्रींनी पत्रातल्या एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली. इतकी दाबून, की कागद फाटला आणि शिसाचं टोक तुटून टेबलाखाली उडालं.

"दुर्लक्ष!" ते म्हणाले. "छताच्या देखभालीकडे दीर्घकाळ दुर्लक्ष. हे मला सांगताहेत!"

खिडकीशी बसून त्यांच्या पत्नी, बाई, एका कोटाची बाही टाचत होत्या. ओठांत चार टाचण्या धरलेल्या होत्या, त्यामुळे उत्तर द्यायचा प्रश्नच नव्हता. वादळात मागच्या खोलीचं छप्पर गेलं, तेव्हापासून त्यांचं शिलाई मशीन पुढच्या खोलीत आलं होतं आणि मिस्त्रींना टेबलाच्या एका कोपऱ्यावर भागवावं लागत होतं.

विमा कंपनीने भरपाई मंजूर केली होती, पण मागितलेल्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. उरलेली का नाही, ते एका ओळीत लिहिलं होतं. त्या ओळीतला तो एकच शब्द मिस्त्रींच्या डोळ्यांत खुपत होता. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांवर छपरं चढवली. शाळेचं छप्पर त्यांचं, बेकरीचं त्यांचं, बसथांब्यामागच्या गोदामाचंही त्यांचंच. वादळाने झाडं आडवी केली, खांब वाकवले, पण त्यांनी बसवलेला पत्रा कुठे हलला नाही. दुसऱ्या दिवशी बेकरीवाला मुद्दाम रस्ता ओलांडून सांगायला आला होता.

"मिस्त्री, हात मिळवा पाहू. आमच्याकडे एक खिळा सैल झाला नाही. आणि तुमच्याच घराचं कसं हो उडालं?"

तो कौतुकानेच बोलला होता. मिस्त्री हसले होते. "दिव्याखाली अंधार," असंही म्हणाले होते. पण ते त्यांनी स्वतः म्हणणं वेगळं आणि कुणी शिक्का मारून पत्रात लिहिणं वेगळं.

"मी तक्रार करणार," ते म्हणाले.

बाईंनी एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या गादीत खोचली. "करा," त्या म्हणाल्या.

मुलीने फोनवर समजावून पाहिलं. ती दुसऱ्या शहरात असे, आणि तिच्या आवाजात घाई असे.

"बाबा, मिळतंय ते घ्या ना. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"प्रश्न पैशांचा नाही."

"मग कशाचा आहे?"

मिस्त्रींनी फोन बाईंच्या हातात दिला.

अर्ज लिहायला त्यांना दोन दिवस लागले. हिशेब बिनचूक होता, भाषा कडक होती. नुकसानीच्या यादीपाशी आले तेव्हा पेन्सिल थांबली. मागच्या खोलीत भिंतभर खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला खाकी कागदाचे बेत, म्हणजे कपडे कापायचे नमुने, टांगलेले होते. कुणाच्या कोटाचे, कुणाच्या झग्याचे, गणवेशांचे, मुलीच्या पहिल्या वाढदिवसाच्या फ्रॉकपासून पुढच्या सगळ्या कपड्यांचे. बाईंनी स्वतःच्या हाताने मापं घेऊन कापलेले, कोपऱ्यात शाईने नावं घातलेले. वादळानंतर तीन दिवस पाऊस त्या उघड्या खोलीत पडत राहिला. कागदांचा लगदा झाला. जे थोडे धड होते ते बाईंनी अंगणातल्या दोरीवर वाळत घातले, इस्त्री फिरवून पाहिली, पण शाई पसरली होती आणि कडा आकसल्या होत्या. आकसलेल्या बेतावर कापड कापता येत नाही.

"तुझ्या कागदांची किंमत किती लावू?" मिस्त्रींनी विचारलं.

"रद्दीचा भाव लावा," बाई म्हणाल्या.

त्यांनी ती ओळ गाळली.

खरं म्हणजे कंपनीची सर्व्हेअर पाहणीला आली तेव्हाच मिस्त्रींना कळून चुकलं होतं. तिशीतली मुलगी, पायात रबरी बूट. उंटावरून शेळ्या हाकणारी असेल, असं वाटलं होतं. पण ती सरळ शिडी लावून वर चढली. उरलेल्या पत्र्याच्या कडेने हात फिरवत गेली, एक हुक बोल्ट उपसला आणि अंगठ्याने नुसता चोळला. गंजाचा भुगा तिच्या तळहातावर पडला. वायसर बिस्किटासारखा मोडला. मग ती खाली उतरली, छताच्या फळ्यांवरची तपकिरी वर्तुळं पाहिली, एकात एक, झाडाच्या कापलेल्या खोडासारखी. त्यांचे तिने फोटो काढले. जमिनीकडे मात्र तिचं लक्ष गेलं नाही. मिस्त्रींचं गेलं. फरशीवर मशीनच्या पायांचे डाग तीन ठिकाणी होते. दरवेळी पाणी पुढे सरकलं तसं बाईंनी मशीन थोडं थोडं मागे ओढलं होतं. शेवटी ते भिंतीला टेकलं होतं.

"याआधी गळत होतं का?" सर्व्हेअरने विचारलं.

"छे," मिस्त्री म्हणाले.

किती सहज निघालं तोंडातून. अंगणात बाई दोरीवर कागद टाकत होत्या. चिमटा लावता लावता त्यांचा हात क्षणभर थांबला आणि मग त्यांनी तो चिमटा लावला.

बाईंनी कधी कटकट केली नव्हती. पावसाच्या आधी एकदा आणि पाऊस सुरू झाल्यावर एकदा, असं त्या सांगत. "अहो, मागचं तेवढं बघा हं." मिस्त्री म्हणत, "एवढं गोदामाचं काम हातावेगळं करतो, की लगेच." गोदामाचं झालं की शाळेचं निघे. शाळेचं झालं की कुणाची तरी पोरंबाळं भिजत असत. लोकांचं छप्पर गळत असताना आपल्या घराचं काय घेऊन बसायचं? तसं ते म्हणत आणि म्हणताना त्यांना बरंही वाटे. दोन माणसं लावून एका दिवसाचं काम होतं. बाई मग पातेलं ठेवत, पातेल्यात फडकं टाकत, म्हणजे टपटप ऐकू येत नाही.

सुनावणीचं बोलावणं आलं. दोघांनीही यावं, असं लिहिलं होतं. बाईंनी ठेवणीतला पोशाख काढला. मिस्त्रींनी दाढी केली आणि हनुवटीवर कापून घेतलं.

कंपनीच्या कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली होती. टेबलाच्या पलीकडे तक्रारी ऐकणारे अधिकारी बसले होते. त्यांना सर्दी झाली होती आणि प्रत्येक वाक्यानंतर ते रुमाल शोधत. माणूस सभ्य वाटत होता. बाजूला सर्व्हेअर बसली होती. तिने फोटो ओळीने मांडले आणि एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीतून तो हुक बोल्ट काढून फोटोंशेजारी ठेवला.

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहायचं टाळलं. आपल्या हाताखालच्या माणसाने असा बोल्ट छपरावर ठेवला असता, तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता.

"हे डाग जुने आहेत, असं अहवाल म्हणतो," अधिकारी म्हणाले.

"वादळानंतर तीन दिवस पाऊस होता, साहेब. पाहणी चौथ्या दिवशी झाली. डाग त्या तीन दिवसांचे."

"आणि गंज?"

"ओल्या लोखंडाला गंज चढायला किती वेळ लागतो? मी या धंद्यात चाळीस वर्षं आहे. तुम्ही गावात कुणालाही विचारा."

आवाज खणखणीत लागला होता. सर्व्हेअर बोलायला पुढे झाली. "इतका गंज तीन दिवसांत—" एवढंच म्हणाली. तोवर अधिकाऱ्यांना शिंक आली आणि तिचं वाक्य अर्धंच राहिलं. रुमाल खिशात ठेवून त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"त्या खोलीत रोज कोण बसायचं?"

"मी," बाई म्हणाल्या. "माझं शिवणकाम तिथे चालतं."

"मग तुम्हीच सांगा. वादळाच्या आधी ते छप्पर कधी गळत होतं?"

बाईंनी पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला. मिस्त्रींच्या मनात आलं, आता सुटलो. ही खोटं बोलत नाही. कापड अर्धी वीत उरलं तरी गिऱ्हाइकाला बांधून परत देते. आता सांगेल ही, आणि मग होईल ते होईल, मान खाली घालून बाहेर पडू. त्या विचाराने त्यांचे खांदे सैल झाले, आणि ते कितीतरी दिवस ताठ होते हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "एक थेंबसुद्धा नाही."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं.

"आमचे हे छपरांचंच काम करतात," त्या पुढे म्हणाल्या. "आमच्याच घरात कसं गळेल?"

टोमणा असता तर मिस्त्रींना सोसला असता. पण बाईंच्या बोलण्यात टोमण्याचा लवलेश नव्हता. गिऱ्हाइकाला शिलाईची तारीख सांगावी, तशा साध्या आवाजात त्या बोलल्या होत्या. सर्व्हेअरने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिने वही मिटली आणि बोल्ट पिशवीत घालून पिशवीचं तोंड नीट दाबून बंद केलं.

निघताना तीच लिफ्टचं दार धरून उभी होती.

"सांभाळून, मावशी," ती म्हणाली. "लिफ्ट जरा वर थांबते."

"हो बाळ," बाई म्हणाल्या.

मिस्त्री जिन्याने उतरले.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बाई बाहेर बघत होत्या. चार थांबे गेले तेव्हा मिस्त्रींनी घसा साफ केला.

"तसं का सांगितलंस?"

"कसं?"

"गळत नव्हतं म्हणून."

"तुम्ही आधीच सांगून बसला होतात," बाई म्हणाल्या. "मग मी काय वेगळं सांगायचं?"

पुढच्या थांब्यावर एक बाई कडेवरचं मूल सावरत चढली. मिस्त्रींनी उठून तिला जागा दिली आणि बाकीचा रस्ता उभ्यानेच गेले.

निकाल तीन आठवड्यांनी आला. पूर्ण भरपाई. शिवाय खाली एक वेगळा परिच्छेद होता: अहवालातील 'दुर्लक्ष' हा शेरा मागे घेण्यात येत असून, संबंधित सर्व्हेअरला समज देण्यात आली आहे. झालेल्या मनस्तापाबद्दल कंपनी दिलगीर आहे. मिस्त्रींनी नेमकं जे मागितलं होतं, ते सगळं त्या कागदावर होतं. त्यांनी तो चार वेळा वाचला. 'समज' या शब्दापाशी चारही वेळा अडखळले. मुलीला फोन करून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वा बाबा, जिंकलात की!" आणि ते म्हणाले, "हो."

मग त्यांनी छप्पर घातलं. इतक्या वर्षांत कुणासाठी घातलं नसेल असं. वासे बदलले, जाड पत्रा आणला, प्रत्येक बोल्टखाली रबरी वायसर, त्यावर डांबराची पट्टी, पन्हळीला नवा उतार. माणसं दोनच लावली आणि काम एका दिवसात झालं. संध्याकाळी ती माणसं गेल्यावर त्यांनी नळी लावून छपरावर अर्धा तास पाणी सोडलं आणि आत जाऊन कोरड्या फरशीवर मान वर करून उभे राहिले. भिंतीवर खुंट्याही नव्या ठोकल्या होत्या.

बाई हात पुसत आल्या. त्यांनी वर पाहिलं, चारी कोपरे पाहिले.

"छान झालंय," त्या म्हणाल्या.

"मशीन आणू का आत? बेकरीवाल्याला हाक मारतो, दोघं उचलू."

"राहू द्या तिथेच. पुढे उजेड बरा आहे."

पुढच्या खोलीत उजेड नव्हता. तिथे रस्त्याची धूळ होती आणि दिवसभर गाड्यांचे भोंगे. मिस्त्रींनी ते बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशीही विचारलं नाही, तिसऱ्याही नाही. आठवडाभर मागची खोली कोरडी आणि रिकामी राहिली.

रविवारी दुपारी एक गिऱ्हाईक येऊन गेलं. म्हातारे गृहस्थ, जुनेच. त्यांच्या कोटाचा बेत बाईंपाशी वर्षानुवर्षं होता. आता त्यांना उभं करून नव्याने मापं घ्यावी लागली. "खांदा उतरला हो तुमचा," बाई म्हणाल्या आणि ते हसले. ते गेल्यावर बाईंनी खाकी कागद पसरला आणि खडूने पहिली रेघ ओढली. मिस्त्री पलीकडे टेबलाशी बसले होते. समोर काही नव्हतं, तरी ते बसले होते.

"अगं," ते म्हणाले.

बाईंनी हं केलं.

"चूक माझी होती." त्यांनी टेबलावरचा नसलेला भुगा हाताने झटकला. "त्या पोरीचं बरोबर होतं. तिला बोलणी बसली. आणि तू मला सांगत होतीस. तीन वर्षं सांगत होतीस."

बाईंनी पट्टी सरकवली, खांद्यापासून बाहीपर्यंतचा बाक काढला.

"तीन नाही," त्या म्हणाल्या. "पाच."

त्यांनी कात्री घेतली. कागद कापला जाऊ लागला, एका लयीत.

मिस्त्री मनातल्या मनात मागे मागे गेले. गोदाम, त्याआधी शाळा, त्याआधी नदीकडची घरं. तीन वर्षं सरळ मोजता आली. त्याच्या मागे कामं आठवत होती, माणसं आठवत होती, कुठल्या छपराला किती पत्रे लागले तेही आठवत होतं. बाई दारात उभ्या राहून पहिल्यांदा "मागचं तेवढं बघा हं" असं म्हणाल्या असतील, तो दिवस मात्र त्यांना काही केल्या आठवेना.