जबाबदार नातेवाईक

आई गेल्यापासून घरात मी एकटी, आणि दादा मनोरुग्णालयात. त्याचा स्किझोफ्रेनिया आता आटोक्यात आहे असं डॉक्टर म्हणाले, पण बुद्धीची चाचणी पास झाल्याशिवाय घरी सोडणार नव्हते. मला तर त्याला त्याच दिवशी न्यायचं होतं.

चाचणी घेणाऱ्या बाई भारी काटेकोर. शेजारच्या खोलीत कामगार फरशी फोडत होते. बाईंनी शब्द वाचायचे, दादाने ते परत म्हणायचे. सकाळच्या गोळीने त्याच्या डोळ्यांवर झापड आलेली. "चमचा, टेकडी..." एवढं बोलून तो भिंतीकडे बघत राहिला.

"स्मरणशक्ती कमी," बाई म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. "अहो, त्याची स्मरणशक्ती मोजताय की झोप? आणि या गोंगाटात तर मलाही जमायचं नाही!"

"चाचणी प्रमाणित आहे. बसा, तुमचीही घेते."

मी तोऱ्यात बसले. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, पोटात अन्नाचा कण नाही आणि दादाच्या काळजीने जीव टांगणीला लागलेला. मला फक्त चमचा आठवला. उलटे आकडे म्हणताना मी अडले, तेव्हा दादा हळूच उत्तर सांगू लागला. बाईंनी त्याला दटावलं.

"तुमचे गुण यांच्याहून कमी आहेत," बाई म्हणाल्या.

"बघा! म्हणजे तुमची चाचणीच खोटी!"

"चाचणी कशी खोटी असेल? नापास तुम्ही झालात." त्यांनी शांतपणे नियम सांगितला. "दोघांत ज्याचे गुण जास्त, तो जबाबदार नातेवाईक. दुसऱ्याला त्याच्या ताब्यात द्यायचं."

आणि सहीचा कागद त्यांनी दादापुढे सरकवला.

"बहिणीला घरी सांभाळाल ना?" बाईंनी त्याला विचारलं.

दादाने पेन उचललं. म्हणाला, "तापट आहे ती. पण एकटी असली की जेवत नाही. किती वाळलीय बघा. मी जातो तिच्याबरोबर."

त्याने सही केली. हिला रस्ता ओलांडताना जपून न्या, असं बाईंनी त्याला बजावलं.

फाटकाबाहेर मला रडू फुटलं. भेटायला जायचे तेव्हा तो माझ्याकडे बघतही नाही, असंच मी इतके दिवस धरून चालले होते.